फातोर्ड्यात ३-२ : जिंकलो, पण पहिली ८९ मिनिटं कुठे होतो?

लोकल_लेफ्टबॅक (२५ एप्रिल २०२४, सकाळी ७.१०)

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. घसा बसलाय. साडेनऊला शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" त्यांना काय सांगणार, घरी कोणाला काही झालेलं नाही, आपल्या मुंबई सिटीच्या छांगतेने गोल केलाय म्हणून!

काल ज्यांच्या घरी दिल्ली-गुजरात आयपीएल लावली होती त्यांच्यासाठी थोडक्यात. इंडियन सुपर लीग फुटबॉलच्या उपांत्य फेरीचा पहिला लेग (दोन सामने, दोन्हींचे गोल मिळून निकाल), मडगावला फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर, समोर एफसी गोवा. १६व्या मिनिटाला बोरिस सिंग, ५६व्याला ब्रँडन फर्नांडिस. ०-२. ८९ मिनिटं झाली तरी फलक तोच. मग ९०व्या मिनिटाला लालियनझुआला छांगते, ९०+१ ला विक्रम प्रताप सिंग, ९०+६ ला पुन्हा छांगते. ३-२. आयुष्यात असा सामना पाहिला नव्हता. माझ्या मांडीवर झोपलेली पोरगी दुसऱ्या गोलला जागी झाली आणि तिसऱ्या गोलला माझ्याबरोबर नाचली.

आता जे बोलणार आहे ते आज कोणाला रुचणार नाही, पण बोलतो. निकाल आपला, सामना गोव्याचा होता. ब्रँडनचा गोल झाल्यावर आपल्याला पहिलं उत्तर द्यायला ३४ मिनिटं लागली. आणि हे काही कालच घडलं असंही नाही. १५ तारखेला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानशी आपल्याला फक्त बरोबरी हवी होती, तेवढ्यावर गुणतक्त्यात पहिले येऊन शील्ड आपली होती. तिथेही ०-२ ने मागे पडलो आणि जाग आली ८९व्या मिनिटाला, छांगतेलाच. १-२ हरलो, शील्ड गेली. नऊ दिवसांत दोनदा तेच. एकदा वेळ कमी पडला, एकदा पुरला. फरक एवढाच.

मला हा संघ जिवापाड आवडतो, म्हणून विचारतोय. सोमवारी अंधेरीत दुसरा लेग आहे, एकाच गोलची आघाडी घेऊन उतरायचंय. कालच्यासारखं खेळलो तर पुरेल का? आणि जिंकल्यावर चुका काढायच्या की नाही?

---

पार्ले_पूर्व (सकाळी ७.२५)

आज नको रे. आज फक्त छांगते, छांगते आणि छांगते. चुका शनिवारी काढू.

---

दहिसरचा_दिनू (सकाळी ७.४१)

+१ पार्लेला. माणसाला एक दिवस तरी सुखाने जगू द्या.

---

कूपरेज_स्टँड (सकाळी ८.०५)

लेफ्टबॅक, तुझी तळमळ पोचली, पण तुझ्या मांडणीशी मी सहमत नाही.

मी १९७० च्या दशकापासून कूपरेजवर सामने बघत आलोय. रोव्हर्स कपला कोलकात्याचे आणि गोव्याचे संघ यायचे तेव्हा आम्ही दुपारी जेवण न करता रांगेत उभे राहायचो. तिथे एक गोष्ट शिकलो. सामना जेवढा लांब असतो तेवढाच असतो. शेवटची सात मिनिटं कोणी बक्षीस म्हणून देत नाही, तीसुद्धा खेळूनच काढावी लागतात. ०-२ असताना, परक्या मैदानावर, समोर सगळं स्टेडियम गात असताना ९०व्या मिनिटाला धावण्यासाठी फुप्फुसं लागतात आणि विश्वास लागतो. दोन्ही गोष्टी सरावातूनच येतात. तू म्हणतोस "सामना गोव्याचा होता". ८९ मिनिटं गोव्याची होती. सामना आपला होता.

बाकी मुंबई-गोवा म्हटलं की मला आधी भांडण आठवत नाही, नेव्हिल डिसूझा आठवतो. गोव्याच्या घरातला माणूस, खेळला मुंबईत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक, ४-२ ने भारत उपांत्य फेरीत. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. आमच्या गल्लीत वडीलधारी मंडळी त्याचं नाव घ्यायची तेव्हा आवाज खाली आणायची, देवाचं नाव घ्यावं तसं.

---

आकडेमोड (सकाळी ९.३०)

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण एका गोष्टीकडे कोणी बघितलं नाही, ती म्हणजे तारखा.

आपण गुणतक्त्यात दुसरे, म्हणून थेट उपांत्य फेरीत. १५ तारखेनंतर काल २४ ला उतरलो. मधे आठ दिवस मोकळे. गोवा तिसरे, त्यांना बाद फेरीचा सामना खेळावा लागला. २० तारखेला चेन्नईयिनला त्यांनी याच मैदानावर २-१ हरवलं. म्हणजे चार दिवसांत दुसरा जीवघेणा सामना, एप्रिलच्या शेवटाला, मडगावच्या दमट हवेत. ज्यांनी किनारपट्टीवर एप्रिलमध्ये फुटबॉल खेळलाय त्यांना माहीत आहे, ७०व्या मिनिटानंतर पाय आपले राहत नाहीत. शर्ट पिळला तर बादली भरते.

त्यात पाच बदली खेळाडूंचा नियम. दमलेल्या बचावासमोर ताजे पाय आले की शेवटची दहा मिनिटं वेगळाच सामना सुरू होतो. आणि २-० ने पुढे असलेला संघ नकळत मागे मागे सरकतो. कोणी सांगत नाही, पायच सरकतात. स्वतःच्या गोलसमोर दहा जण उभे राहिले की बॉल बाहेर काढायला कोणी उरत नाही. काढलेला बॉल परत तुमच्याच अंगावर येतो.

म्हणून मी याला चमत्कार म्हणणार नाही. आणि लेफ्टबॅकचा प्रश्नही खोडून काढणार नाही, कारण सोमवारपर्यंत गोव्यालाही पाच दिवसांची विश्रांती आहे. ताजा गोवा पुन्हा भेटणार.

---

मडगांवकार (सकाळी १०.१५)

मी गोव्याचा. काल मैदानात होतो. हा धागा वाचून लिहू की नको असा तासभर विचार केला.

तुम्हाला ९०व्या मिनिटाला काय वाटलं ते तुम्ही लिहिलंत. मला काय वाटलं ते सांगतो. मला २० डिसेंबर २०१५ आठवला. हेच मैदान, अंतिम सामना, चेन्नईयिन समोर. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने आम्हाला २-१ पुढे नेलं होतं. माझ्या बाजूला बसलेल्या आजोबांनी माझा हात धरला होता. ९०व्या मिनिटाला बॉल आमच्याच कट्टिमनीला लागून आत, ९०+२ ला मेंडोझा. २-३. काल पहिला गोल झाला तेव्हा लोकांना वाटलं, ठीक आहे, २-१, चालेल. मला कळलं होतं. माझे पाय गार पडले. शेवटी फलकावर तेच आकडे, २-३.

लोक म्हणतात गोव्याला नशीब नाही. मला ते मान्य नाही. नशीब म्हटलं की चर्चाच संपते. आम्ही २-० ला थांबलो. तिसरा गोल शोधायला हवा होता तेव्हा घड्याळ शोधत होतो. आकडेमोड म्हणतात ते पाय सरकणं मी स्टँडमधून डोळ्यांनी पाहिलं.

आणि राहुल भेके. तो तुमचा कर्णधार, मुंबईचाच मुलगा, त्याच्याबद्दल राग नाही. पण १७ मार्च २०१९ ला तो बंगळुरूच्या शर्टात होता, तुमच्याच अंधेरीच्या मैदानावर, आमच्याविरुद्ध अंतिम सामन्यात, ११७व्या मिनिटाला डोक्याने गोल. त्याचं नाव संघाच्या यादीत वाचलं की आजही पोटात खड्डा पडतो.

लेफ्टबॅकने जिंकल्यावरसुद्धा प्रामाणिकपणे लिहिलं, म्हणून इथे लिहिलं. देव बरें करूं.

---

लोकल_लेफ्टबॅक (सकाळी १०.३२)

मडगांवकार, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मनापासून आभार. २०१५ चा तो शेवट मी विसरलो होतो, तुम्ही विसरू शकत नाही हे समजू शकतो.

---

कळंबा_रोड (सकाळी १०.५०)

भावांनो, कोल्हापुरातनं रामराम. आमच्याकडं फुटबॉल तालमीचा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. कुस्तीच्या तालमी, पण संघ फुटबॉलचे. शाहू स्टेडियमवर दोन पेठा भिडल्या की घरात जेवण होत नाही, जावई सासऱ्याशी बोलत नाही. आमच्याकडं ०-२ वरनं कोण उठला तर त्याला महिनाभर चहाचं पैसं द्यावं लागत नाहीत.

लेफ्टबॅकचा प्रश्न आमच्या पेठेत कोण विचारणारच नाही. जिंकल्यावर गुलाल. चूक काढायची ती तालमीत, दार लावून, आपल्या पोरांसमोर. चारचौघांत नाही.

कालचा सामना मात्र लई भारी. आमच्या अनिकेत जाधवनं २०१७ ला १७ वर्षांखालचा विश्वचषक खेळला तेव्हा जेवढं ओरडलो होतो तेवढंच काल ओरडलो.

---

पार्ले_पूर्व (सकाळी ११.०२)

कळंबा, "दार लावून" हे पटलं. पण आपल्याला तालीम नाही, हा धागाच आपली तालीम आहे. म्हणून शनिवारपर्यंत थांबायचं माझं म्हणणं मागे घेते. बोलूया.

मी २०१५ पासून बघतेय. तेव्हा निकोला अनेल्का खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही, सुनील छेत्री संघात, आणि १७ नोव्हेंबरला याच फातोर्ड्यावर ०-७. हाओकिपची हॅटट्रिक, डुडूची हॅटट्रिक. मी तेव्हा कॉलेजात. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मुलांनी फळ्यावर नुसता "७" लिहून ठेवला होता. पुढे मार्च २०१९ ला उपांत्य फेरीत आपल्याच घरी १-५. त्यात पहिला गोल आपला होता! एवढं सगळं पचवलेल्या माणसाला ९०+६ चा अर्थ वेगळा लागतो. लेफ्टबॅक, तू चुका मोज, पण हेही मोज की नऊ वर्षांपूर्वीचा आपला संघ ०-२ ला संपला असता.

---

सावंतवाडी_टू_फातोर्डा (दुपारी १२.२०)

मी कालपासून कोणाशी बोललो नाही. इथे लिहितो.

सावंतवाडीहून आम्ही तिघे गेलो होतो. आमच्या घरात अर्धे गोव्याचे, आई म्हापशाची, मामेभाऊ गोव्याच्या शर्टात माझ्या शेजारी. मी मुंबईचा, कारण बाबा गिरणगावात वाढले. परतायला शेवटची गाडी ठरवली होती, चालकाने सांगितलं होतं सव्वानऊच्या पुढे थांबणार नाही. ८६व्या मिनिटाला उठलो. मामेभावाने पाठीवर थाप मारली, "पुढच्या वर्षी बघू."

पार्किंगपर्यंत पोचलो तेव्हा मागून स्टेडियमचा आवाज येत होता, गाणी, ढोल. आणि मग तो आवाज तुटला. संपला नाही, तुटला. कुठल्या तरी एका कोपऱ्यातून बारीक ओरडणं. मामेभाऊ म्हणाला, "एक झाला." आम्ही उभे राहिलो. मिनिटभरात पुन्हा तीच शांतता, आधीपेक्षा खोल. तो खालीच बसला. तिसरा गोल आम्ही चालकाच्या फोनवर पाहिला. तो म्हणाला, "थांबायचं होतं की हो, मी थांबलो असतो."

गाडीत दीड तास कोणी काही बोललं नाही. मी आनंदाने ओरडूही शकलो नाही, शेजारी तो बसलेला. बांद्याला पोचल्यावर त्यानेच सोडा घेऊन दिला.

मी आयुष्यात परत कधी मधेच उठणार नाही.

---

दहिसरचा_दिनू (दुपारी १२.३१)

सावंतवाडी, मित्रा. मामेभावाला आमच्याकडून नमस्कार सांग.

---

मडगांवकार (दुपारी १२.४०)

ती शांतता मी आतून ऐकली. बरोबर लिहिलंय, तुटला.

---

एडिसन_एनजे (दुपारी १.१५)

न्यू जर्सीहून. इथे सामना सकाळी दहाला सुरू. ऑफिसात असल्याने पाहता आला नाही, दादरहून बाबा संदेश पाठवत होते. त्यांचं वय ७४, चष्मा नीट लागत नाही, मोठ्या अक्षरात टाइप करतात. १६व्या मिनिटाला "गेला एक". ५६व्याला "दुसरा पण". मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं झोपले. बाराला पाच कमी असताना एकामागून एक तीन संदेश, तिन्हींत एकच शब्द: "छांगते". मधला विक्रमचा होता हे मला संध्याकाळी कळलं. बाबा म्हणाले, "नाव शोधायला वेळ कुठे होता."

कूपरेज काका, बाबासुद्धा रोव्हर्सवालेच. तुम्ही दोघं बहुधा एकाच रांगेत उभे राहिला असाल.

---

कूपरेज_स्टँड (दुपारी २.००)

एडिसन, बाबांना विचार, महिंद्र युनायटेडचे सामने बघायला येत होते का. २०१० मध्ये तो संघ बंद झाला तेव्हा वाटलं होतं, आता मुंबईत आपलं म्हणावं असं काही उरलं नाही. म्हणून काल नातवाबरोबर सोफ्यावर बसून ओरडलो, त्याची किंमत माझ्यासाठी फार आहे.

---

वाळपईचा_गौर (दुपारी ३.१०)

मी गोव्याचाच, पण मडगांवकारांएवढा शांत नाही. स्पष्ट बोलतो.

तुमचं यश आमच्या अंगणातून नेलेलं आहे. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आमचा. त्याने घडवलेल्या संघाने २०१९-२० ची पहिली शील्ड जिंकली, आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब आम्ही. दुसऱ्या वर्षी लोबेरा मुंबईला, पाठोपाठ जाहू, बुमू, मुर्तदा फॉल, आणि आमचा मंदार राव देसाईसुद्धा. त्याच वर्षी तुमची शील्ड आणि कप दोन्ही. उपांत्य फेरीत आम्हालाच पेनल्टीवर ६-५ हरवून, आणि निर्णायक पेनल्टी मारली कोणी? रॉलिन बोर्जिसने. गोंयकाराने! हे विसरू नका.

---

आकडेमोड (दुपारी ३.४०)

वाळपई, त्यातलं एक अक्षर खोटं नाही. लोबेराने गोव्यात जी पद्धत रुजवली तिचं फळ मुंबईला मिळालं हे मीसुद्धा मानतो. पण आजचा संघ बघा. ते सगळे गेले. लोबेरा नाही. त्यांच्यानंतरचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम नोव्हेंबरमध्ये ऑक्सफर्ड युनायटेड क्लबला गेले, ग्रेग स्टुअर्ट जानेवारीत गेला. डिसेंबरात पेत्र क्रातकी आले ते चालत्या गाडीत चढले. काल गोल करणारे दोघे कोण? छांगते मिझोरामचा, विक्रम पंजाबचा. तिन्ही गोल भारतीयांचे. माझ्या मते या मोसमातली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे, आणि लेफ्टबॅकच्या मूळ पोस्टमध्ये ती नाही.

---

वाळपईचा_गौर (दुपारी ३.५२)

मान्य. आमचेही दोन्ही भारतीय होते, बोरिस आणि ब्रँडन. पाचच्या पाच. हे मात्र दोन्ही बाजूंनी मान वर करून सांगावं असं आहे.

---

कळंबा_रोड (दुपारी ४.०५)

आणि गोव्याच्या संघात पुण्याचा जय गुप्ता. तिकडनं मंदार इकडं आला, इकडनं जय तिकडं गेला. हिशेब बरोबर.

---

लोकल_लेफ्टबॅक (रात्री ९.२०)

दिवसभर ऑफिसात चोरून वाचत होतो. आकडेमोडचा मुद्दा बरोबर, ते मी लिहायला हवं होतं. कूपरेज काकांचा "सामना जेवढा लांब तेवढाच" हाही पटला.

पण माझी भीती जात नाही, आणि तिला कारण आहे. गेल्या वर्षीची उपांत्य फेरी. १८ सामने न हरता, फातोर्ड्यावरच गोव्याला ५-३ हरवून आपण शील्ड घेतली होती. आणि मग बंगळुरूने अंधेरीत येऊन ०-१. तिकडे जाऊन २-१ जिंकलो, परक्या मैदानावरच्या गोलला जादा वजन राहिलेलं नाही म्हणून पेनल्टी, ८-९. अंधेरीतल्या त्या ०-१ च्या रात्री मी घरी गेलो नाही, स्टेशनवरच्या बाकावर बसलो होतो. घरच्या मैदानात आपण सावध होतो आणि सावध झालो की घाबरतो. सोमवारी बरोबरी पुरेल हा विचार ज्या क्षणी खेळाडूंच्या डोक्यात शिरेल त्या क्षणी सॉल्ट लेक परत सुरू. तिथेही बरोबरीच पुरत होती.

माझी मागणी एकच. ०-० धरून बसू नका. गोल खाल्ल्यावर खेळायला लागणं बंद करा, आधीपासून खेळा.

---

पार्ले_पूर्व (रात्री ९.३१)

आता तुझ्याशी शंभर टक्के सहमत. सोमवारी डाव्या कोपऱ्यात भेटू.

---

पार्ले_पूर्व (३० एप्रिल, रात्री १२.४०)

२-० !!!!! एकूण ५-२ !!!!!

घरी पोचले. आवाज गेलाय, म्हणून टाइप करतेय.

---

दहिसरचा_दिनू (३० एप्रिल, सकाळी ७.१५)

छोटा वृत्तांत, जे आले नाहीत त्यांच्यासाठी. अंधेरीचं स्टेडियम लहान, सात हजारांच्या आतबाहेर, त्यामुळे आवाज वर जात नाही, मैदानावरच पडतो. वेस्ट कोस्ट ब्रिगेडची (आपल्या पाठीराख्यांच्या गटाची) मुलं नव्वद मिनिटं बसली नाहीत. मध्यंतराला ०-०. लोक नखं खात होते. ६९व्या मिनिटाला पेरेरा डियाझ, ८३व्याला छांगते. दोन लेगमध्ये छांगतेचे तीन गोल.

माझ्या मागे एक सात-आठ वर्षांचा मुलगा होता, त्याच्या वडिलांना सारखा विचारत होता, "बाबा, अजून किती मिनिटं?" वडील म्हणाले, "बुधवारी बघितलंस ना, मिनिटं मोजायची नसतात." संपूर्ण रांग त्यांच्याकडे वळून बघायला लागली.

---

कूपरेज_स्टँड (सकाळी ८.००)

२०१९ ला गोव्याने आपल्याला उपांत्य फेरीत एकूण ५-२ नेच काढलं होतं. अंधेरीत १-५, फातोर्ड्यात १-०. पाच वर्षांनी तोच आकडा, उलट्या बाजूने. मी ते तिकीट अजून वहीत ठेवलंय. कालचं त्याच्या शेजारी चिकटवलं.

---

मडगांवकार (सकाळी ९.१०)

अभिनंदन. काल तुम्ही चांगले होतात, आणि हे मी पहिल्या लेगबद्दल म्हणणार नाही. ६९व्या मिनिटापर्यंत मला आशा होती, एक गोल आणि आम्ही परत बरोबरीत. पण बुधवारी आम्ही जसे मागे सरकलो तसे तुम्ही काल सरकला नाहीत. लेफ्टबॅकने मागितलं होतं ते त्याला मिळालं.

आम्हाला मानोलो मार्केझ यांच्यासारखा प्रशिक्षक आहे, हाच संघ टिकवला तर पुढे बघू. सध्या फुटबॉल नको वाटतोय. आज सकाळी नेहमीच्या दुकानात पाव घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "बुधवारी एक गोल अजून मारला असता तर." पाव घेतला आणि आलो.

---

सावंतवाडी_टू_फातोर्डा (सकाळी ९.४५)

मामेभाऊ काल आमच्याकडे आला होता सामना बघायला. ८३व्या मिनिटाच्या गोलनंतर मी त्याला म्हटलं, बंद करू का? तो म्हणाला, "नको. शेवटपर्यंत बसायचं." बसलो.

---

लोकल_लेफ्टबॅक (सकाळी ११.२०)

मूळ प्रश्नाकडे येतो. कालचा सामना ३-२ एवढा कोणाच्या लक्षात राहणार नाही, पण मला विचाराल तर फातोर्ड्यापेक्षा काल आपण मोठे खेळलो. एकही गोल खाल्ला नाही. ०-० पुरत असतानाही पुढे जात राहिलो. कळंबा म्हणाला होता चूक दार लावून सांगावी. मला खात्री आहे, पाच दिवसांत त्या ड्रेसिंग रूमचं दार कोणीतरी लावलं होतं.

एक गोष्ट मात्र उरते. काल आपण मागे पडलोच नाही. गोल खाल्ल्यावर लगेच उत्तर देता येतं का, हे अजून दिसायचंय. शनिवारी, ४ मेला अंतिम सामना, समोर मोहन बागान, आणि मैदान तेच सॉल्ट लेक. मी तिकीट काढलंय. कोण कोण येतंय?

---

पार्ले_पूर्व (सकाळी ११.२३)

मी.

---

एडिसन_एनजे (सायंकाळी ६.१०)

बाबा विचारतायत, कोलकात्याला रेल्वेने किती तास लागतात. डॉक्टरांनी नको म्हटलंय, तरी विचारतायत.

---

लोकल_लेफ्टबॅक (५ मे, दुपारी १.३०)

हावडा स्टेशन. गीतांजलीत बसलोय, शेजारी पार्ले झोपलीय, डोक्याखाली निळा मफलर.

३-१. कप आपला. सगळ्यांना माहीतच आहे.

८१व्या मिनिटाला बिपिनचा गोल झाला तेव्हा मला २०२१ आठवला. १३ मार्च, फातोर्डा, कोविडमुळे रिकामं स्टेडियम, ९०व्या मिनिटाला त्याचाच गोल, २-१, आणि टाळ्या वाजवायला कोणी नाही. काल समोर सगळं सॉल्ट लेक होतं, आणि त्याच्या गोलनंतर तिथे ती शांतता झाली, सावंतवाडीने लिहिली होती तीच. ९०+७ ला व्होइटुसने तिसरा मारला तोवर आमच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या होत्या.

पण मला कालचं एकच मिनिट घरी न्यायचंय. ४४व्या मिनिटाला कमिंग्जने बागानला पुढे नेलं. मी पार्लेचा हात घट्ट धरला. म्हटलं, झालं, आता ८९व्यापर्यंत थांबा. मध्यंतरानंतर खेळ सुरू झाला आणि ५३व्या मिनिटाला डियाझ. नऊ मिनिटं खेळात गेली असतील. नऊ!

एडिसन, बाबांना सांग बत्तीसेक तास लागतात. त्यांच्यासाठी कालच्या तिकिटाचा तुकडा ठेवलाय, एक कूपरेज काकांच्या वहीसाठीपण. दादरला उतरलो की आधी तिकडे येतो.